उरलेल्या उड्या

ऋजुताच्या टाचेची पट्टी आठ दिवस तिच्या बाबांच्या, दिगंबरच्या, पायाला होती. टाचेमागची धोंडशीर तुटायला किती उड्या उरल्या आहेत, ते ती पट्टी सांगे, आणि दोनशेच्या खाली आकडा गेला की जिम्नॅस्टला स्पर्धेत उतरता येत नसे.

"आई गेल्यापासून तुम्ही घरातच असता," ऋजुता म्हणाली होती. "तुमची शीर ताजीतवानी असणार." दिगंबरला तिला नाही म्हणवलं नव्हतं.

आज संघाच्या डॉक्टर कानडे मॅडमनी पट्टी वाचली. "चाळीस? झोप बघू इथे." त्यांनी तपासणीचं यंत्र थेट ऋजुताच्या टाचेला लावलं. पडद्यावर शीर अर्धी विरलेली दिसली. "हिच्या तर तीनच उरल्यात. उद्या स्पर्धेत तुटलीच असती. आता दीड महिना घरी बस, पूर्ण भरून येईल. पण मग त्या चाळीस कुणाच्या?"

दिगंबरने मोजा खाली सारला. टाचेवर पट्टीचा चौकोनी वळ होता.

"शाबास. बापलेक दोघंही गुणाचे."

दिगंबरला बोलणं लागलं नाही. लेकीचा पाय वाचला होता. तो भिंतीला टेकून नुसता श्वास घेत राहिला.

रिक्षात डोळे पुसत ऋजुताने विचारलं, "बाबा, तुमची शीर एवढी कशी झिजली?"

"तू सरावाला गेलीस की मी अजिंक्यतारा चढतो. तुझी आई चढायची तसा. घरात एकट्याला बसवत नाही गं."



"मग आता दोघं बसू," ती म्हणाली.