मोकळा कोपरा

"माझं नाक एवढं मोठं आहे का हो?" फुलवाली मावशी चित्रात डोकावत म्हणाली.

"त्यांनी कमीच काढलंय," शेजारचा किल्लीवाला म्हणाला. "पूर्ण काढलं असतं तर कागदावर मला जागा उरली नसती."

"तू गप रे! चित्रकार, तुम्ही याच्याकडे लक्ष देऊ नका."

चित्रकार हसले नाहीत. ब्रश पाण्यात बुचकळून उगाच ढवळत बसले. कारण ते चित्रकार नव्हतेच. नगरपालिकेतले आरेखक होते. गटारांचे नकाशे काढण्यात हयात गेली होती. कचेरीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. मारायची वेळच येत नसे. मग एके दिवशी साहेबांना आठवलं, की या गृहस्थांना रंगवताही येतं.

"बाजाराचा कोपरा रंगवून आणा," साहेब म्हणाले. "कोण कुठे बसतं, सगळं दिसलं पाहिजे. मात्र पालिकेचे आहात याचा कोणाला वास लागता कामा नये. कॅमेरा दिसला की लोक पळतात. चित्रकार दिसला की केस विंचरतात."

कशासाठी, ते साहेबांनी सांगितलं नाही, आणि आरेखकांनी विचारलं नाही. पालिका रस्त्यावरच्या माणसांची दखल घेते ती कशासाठी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी कागद येतो, मागून ट्रक.

लोकांनी केस विंचरले, हे खरं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. मावशीने आपलं स्टूल त्यांना दिलं आणि स्वतः पोत्यावर बसली. किल्लीवाला समोरच्या टपरीकडे बघून ओरडायचा, "आमच्या चित्रकारांना एक चहा!" आरेखकांना 'आमच्या' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. बायकोसुद्धा 'आमचे हे' म्हणायची ती तक्रार करतानाच.

शिवाय गटाराच्या नकाशात ऊन नसतं. इथे टांगलेल्या किल्ल्यांवरून ते उडायचं आणि मावशीच्या चेहऱ्यावर नाचायचं. त्यात तिचं नाकही शोभून दिसायचं. रंगवताना आरेखक स्वतःला विसरत. चहा आला की आठवण होई. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आपण तर ते रंगवतोय! चहा तसाच निवून जाई.

"इतकी वर्षं बसते इथं," शेवटच्या दिवशी मावशी म्हणाली. "पण उद्या कोणी विचारलं, बाई, इथं तुझं काय आहे, तर काय दाखवू? आता निदान कागदावर तरी जागा झाली."

आरेखकांचे कान तापले. "मावशी, कागदाचं काय घेऊन बसलात," एवढं पुटपुटून त्यांनी सामान आवरलं. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी येऊन त्यांनी फूटपाथचा करडा रंग कालवला आणि माणसं बुजवायला घेतली. आधी किल्लीवाला गेला, मग त्याच्या किल्ल्या. मावशीच्या नाकाशी ब्रश अडखळला. खोटं उघडकीला आलं तर नोकरी जाईल. जाईना का! त्यांनी नाकावरून ब्रश फिरवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चित्र लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं.

"एकही माणूस नाही?"

"नाही साहेब. कोपरा मोकळाच असतो."

"नक्की? लेखी द्याल?"

"देतो." आरेखकांनी सही केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते साहेबांशी मान वर करून बोलत होते.

साहेबांनी आनंदाने हात चोळले. "मग रस्ता रुंद करायला उद्याच घेऊ. अहो, चित्रात दिसेल त्या प्रत्येकाला नव्या मंडईत पक्का गाळा द्यायचा ठराव होता. आधी फुटलं असतं तर अर्धं शहर टोपल्या घेऊन तिथं येऊन बसलं असतं, म्हणून तर तुम्हाला गुपचूप पाठवलं. शाबास! सगळे गाळे वाचवलेत."