मैदानाकडचं दार

"आज वार कोणता?" रेतोच्या डोळ्यांत टॉर्च मारत डॉक्टरबाईंनी विचारलं.

"शुक्रवार. आपण दोन-एकने मागे आहोत," रेतो चटकन म्हणाला. कानात घणघणत होतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. आइस हॉकी खेळताना डोक्याला बसलेला हा त्याचा चौथा मार. स्वित्झर्लंडच्या या क्लबकडून तो बारा वर्षं खेळत होता आणि पुढच्या हंगामाचा करार अजून व्हायचा होता.

बाईंनी लक्षात ठेवायला सांगितलेले पाच शब्द त्याने न अडखळता परत म्हणून दाखवले.

"ठीक आहे. जा खेळायला."

सुटलो एकदाचा, असं मनाशी म्हणत तो तपासणीच्या खोलीतून बाहेर पडला. समोर दोन दारं होती. एक बर्फाच्या मैदानाकडे जायचं, दुसरं रस्त्याकडे. कुठलं कोणतं, तेच त्याला आठवेना. प्रेक्षकांचा गलका दोन्हीकडून येतोय असं वाटत होतं. "रेतो, चल लवकर!" कुणीतरी ओरडलं.

तो मागे फिरला. डॉक्टरबाई हात धूत होत्या.

"मैदानाकडचं दार कुठलं, आठवत नाहीये," तो कसाबसा म्हणाला. "आणि परवा मला मुलीची शाळाही सापडली नव्हती."