खडकासकट

आमच्या यॉर्कशायरच्या दरीत हेस्टर ब्रेथवेट नावाची बाई रानफुलांची चित्रं काढायची. तिथल्या एका उतारावर पिवळ्या चपलेसारखं दिसणारं दुर्मीळ ऑर्किड फुलायचं. ती जागा तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती. चित्र मात्र तिने अगदी मन लावून काढलं, मागच्या दुभंगलेल्या खडकासकट, आणि ते एका मासिकात छापून आलं. पुढच्या जूनमध्ये ती वर चढून गेली, तेव्हा तिथे चार बायका गुडघ्यांवर बसून खुरप्यांनी माती उकरत होत्या. “अहो, थांबा! ते बागेत जगत नाही!” हेस्टर काखेतली चित्रवही सावरत, धापा टाकत ओरडली. “म्हणजे चित्र काढणाऱ्या त्या तुम्हीच की काय?” त्यांतली एक लगबगीने उठली. “कमाल आहे हो तुमची! तो खडक दिसला आणि जागा लगेच ओळखली. एमेलीन, इकडे ये गं, बघ कोण भेटलंय!” सगळ्या कौतुकाने तिच्याभोवती जमल्या. “पण आता इथे एकही उरलं नाही,” हेस्टर म्हणाली. “अहो, आमच्या माळ्याचा हात चांगला आहे, काळजी करू नका,” एमेलीन म्हणाली, “आणि जमीन तुमची थोडीच आहे?” जमीन खरंच हेस्टरची नव्हती. मग पहिलीने टोपलीतलं एक रोप काढून तिच्या ओंजळीत ठेवलं. “घ्या, हे तुम्हाला. तुमचा तर पहिला मान!” तुटलेल्या मुळांतून माती हेस्टरच्या हातांवर गळत होती, आणि तिच्या तोंडून सवयीने “आभारी आहे” एवढंच निघालं.