शामला, वय बावीस

परातीत पसरलेले तांदूळ. त्यात अंगठीच्या टोकानं काढलेली चार अक्षरं.

कराचीच्या शिक्क्याचा पासपोर्ट. आतल्या फोटोत मुलीच्या हनुवटीवर तीळ.

एक खाट. खाटेखाली राखेची पाटी.

रकाना चौथा: वय.

हवालदार धोंडप्पा ओसरीवर बसला होता. मांडीवर हुकूम. शामला, पाकिस्तानी नागरिक, मुदत संपली, सात दिवसांत देश सोडावा.

"वैनींना बोलवा, मास्तर. सही पायजे."

मार्तंड मास्तर जागचा हलला नाही.

शामला नावाच्या दोन बायका त्या घरात होत्या. एक मार्तंडची आई. ती आत खाटेवर मरायला टेकली होती. दुसरी त्याची बायको. तिचे वडील बंदरातल्या नोकरीसाठी कराचीला गेले आणि तिथलेच झाले. फाळणीनंतर ते वारले. आई आणि भाऊ तिकडंच राहिले.

सासूचं नाव सुनेला चालत नाही. सोनारीला भैरवनाथासमोर लग्न लागलं तेव्हा सासरे विष्णुपंत म्हणाले, "वनमाला लिही." मार्तंडनं तांदळात लिहिलं. कराचीहून तिच्याशिवाय कुणालाच व्हिसा मिळाला नव्हता. तिच्या कुर्डुवाडीच्या मामानं कन्यादान केलं आणि पुढच्याच वर्षी तोही गेला.

महिनाभरात मार्तंडनं तिच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला. नाव: वनमाला. लग्न झालेल्या बाईला आधीचंही एक नाव असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिकडं पत्र नको, असंही त्यानंच ठरवलं. निकाल चौदा महिन्यांनी आला. वनमाला नावाची परदेशी स्त्री देशात आलेलीच नाही. शामला नावानं दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर म्हणून हा हुकूम.

पाळण्यात चार महिन्यांची मुलगी होती. ती इथली. तिच्याबद्दल हुकुमात काही नव्हतं.

"सात दिस खिशात ठिवतो," धोंडप्पा म्हणाला. "फुडं मला वर कागद द्यावा लागतो. गेली म्हनून, न्हायतर मयत म्हनून. तिसरा रकानाच न्हाय, मास्तर."

आतून खाट करकरली. आईनं दोघांना बोलावलं, नवऱ्याला आणि मुलाला.

"माझ्यापायी पोरीचं नाव गेलं," ती म्हणाली. "आता ते मी संगं नेते. कागदावर तसं लिहा."

"आई, असलं बोलू नकोस."

"मरायला तर लागलेच आहे. फुकट कशाला जाऊ?"

विष्णुपंतांनी मान खाली घातली. वनमाला मुलीला घेऊन दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी म्हातारी गेली.

मार्तंडनं केस उतरवले, अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी त्याच ओसरीवर पंचनामा झाला. पाच पंच. पहिला अंगठा उत्तरेश्वर पाटलांचा. शामला ही मयत झाली. आमच्यासमक्ष दहन झाले. अस्थी आम्ही पाहिल्या. सगळं खरं होतं. पाची जणांनी खांदा दिला होता. कुणीही खोटं बोललं नाही.

लेखणी मार्तंडच्या हातात होती. चौथ्या रकान्याशी ती थांबली. आईचं वय एकसष्ट.

त्यानं बावीस लिहिलं.

सवयीनं तो निब केसांना पुसायला गेला. केस नव्हते. टाळूवर शाईची रेघ उठली.

धोंडप्पानं पासपोर्ट कागदांत बांधला. "आता ह्या बाईनं हजेरीला यायचं कारन न्हाय," तो म्हणाला. "ऱ्हावा सुखानं."

पौषात कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. कराचीचा शिक्का, वनमालेच्या भावाचं अक्षर, पत्ता मार्तंडच्या नावाचा. सरकारी कागद मिळाला. शामलाचं क्रियाकर्म इथं उरकलं. आई बोलत नाही, जेवत नाही.

वनमालेनं ते उभ्यानंच वाचलं. दोनदा. मग तिनं दौत-टाक मागितला.

"अहो, शामला लिहीत नाही. वनमाला म्हणून लिहिते. एवढंच, की मी बरी आहे."

"तिकडं वनमाला कोण, कुणाला ठाऊक?" मार्तंड म्हणाला. "ही कोण, आमची शामला तर नव्हे, असं उलटं विचारणारं पत्र आलं, तर? तिकडची पत्रं फोडतात. पाच पंच, धोंडप्पा, मी, सगळे आत जाऊ. तुला सरहद्दीवर नेऊन सोडतील. आणि हिला?" त्यानं पाळण्याकडं बोट केलं.

तिनं दौत परत कोनाड्यात ठेवली.

कोपरा फाडलेलं, मरणाची खबर आणणारं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं, फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. तिनं कार्डाचे तुकडे केले. आडावर गेली, पोहरा ओढला आणि स्वतःच्या नावानं अंघोळ केली.

लग्न झालं त्याच महिन्यात कराचीहून आईचं पत्र आलं होतं, सासरी तुझं नाव काय ठेवलं ते कळव, आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं.