विंचवाचं गोंदण

"एक देजो," तानबा कंडक्टरला म्हणाला.

कंडक्टरने मागच्या सीटकडे पाहिलं. "दोन नाई?"

"एकच. बोरगाव मेघे."

तानबाने दुपट्टा डोक्यावर ओढला. नुकतंच मुंडलेलं डोकं; वारा झोंबत होता. मांडीवरच्या पिशवीत विळा होता. ते चित्र उभं चिरायचं, म्हणजे सुटलो, एवढंच त्याच्या मनात होतं.

चित्र गावातल्या निकेशने मोबाइलवर दाखवलं होतं, तेही भर पारावर. वर्ध्याच्या प्रदर्शनातलं. पाठमोरी, उघडी, तरणी बाई आणि खांद्याखाली विंचवाचं गोंदण. अख्ख्या आंजी गावात असं गोंदण दोघींच्याच पाठीवर. एक तानबाची बायको रुख्मिणी. ती तर कधीच देवाघरी गेलेली. दुसरी त्यांची लेक मयुरी. आईनेच हौसेने तिला जत्रेत आपल्यासारखं गोंदून घेतलं होतं. मयुरी बोरगावला चित्रकला शिकायला जायची, हेही सगळ्यांना ठाऊक. मग कोणाला कशाला काही विचारावं लागतंय? दोन दिवसांत तानबाच्या अब्रूचे धिंडवडे निघाले.

प्रभाकररावांनी दार उघडलं. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, मयुरीचे गुरू. तानबाचं डोकं पाहून ते चरकले.

"तानबाजी, कोण गेलं?"

"पोरगी. काल तेरवी झाली."

म्हातारा मटकन खुर्चीत बसला. "मयुरी? मले कोणी सांगितलं बी नाई..."

"चित्र दाखवा."

प्रदर्शनातून परत आलेलं ते चित्र समोरच्या भिंतीवरच होतं, चांगलं दारभर मोठं. तानबाने पिशवीत हात घातला. "माझी पोरगी तुमच्यासमोर अशी बसली. लाज नाई वाटली, सर?"

"कोणीच नाई बसलं," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे प्लास्टरची एक बिनडोक्याची बाई पाठमोरी उभी होती. "जुन्या दगडी मूर्तीवरून घेतलेला साचा आहे हा. त्या काळच्या कारागिराले अंगाची लाज नव्हती. मयुरीनं यालेच पाहून चित्र काढलं. मी फक्त शिकवलं."

"अन् गोंदण?"

"तिच्या आईचं. शेवटच्या आजारात मयुरीच तिची पाठ पुसून द्यायची ना? म्हणे, आईले बिमारीच्या आधीची काढायची आहे. बाबाले दाखवायची आहे."

तानबा चित्राच्या अगदी जवळ गेला. विंचवाची नांगी डावीकडे वळलेली होती. मयुरीची उजवीकडे होती. गोंदताना रुख्मिणी दचकली आणि नांगी उलटी वळली, यावरून त्याने तिला जन्मभर चिडवलं होतं. मोबाइलवर एवढंसं त्याला दिसलंच नव्हतं. त्याने पाहिलंच नव्हतं.

हात पिशवीतून रिकामाच बाहेर आला. "रुखमे," तो म्हणाला आणि त्याला हुंदका आवरेना.

प्रभाकररावांनी डोळे पुसले. "घेऊन जा तुम्ही. तुमचंच आहे."

"कुठं नेऊ, सर? अख्खं गाव तेरवीचं जेवून गेलं. आता मांगं नाई फिरता येत."

तो फाटकाबाहेर पडला. थांब्यापर्यंत त्याने मान वर केली नाही, मागून येणाऱ्या पावलांकडे वळूनही पाहिलं नाही. बस आली. कंडक्टर सकाळचाच होता.

"किती?"

तानबाचे ओठ हलले.

"एकच."

मागच्या सीटवरून, जितेपणीच तेरवी घातलेल्या मयुरीने सकाळसारखंच स्वतःचं तिकीट काढलं आणि त्याच्या खांद्याजवळ वाकून विचारलं, "बाबा, पाह्यलं ना चित्र?"