उपडा दगड

साखळीच्या पुलीने दगड वीतभर वर आला, तशा पनीनाबाईंनी डोळे मिटून घेतले. अलिबागजवळच्या या जुन्या बेने इस्रायली कब्रस्तानात त्यांच्या आईच्या कबरेचा दगड त्या लहान असतानाच वादळात उपडा पडला होता. फुटेल या भीतीने त्याला कुणी हातच लावला नव्हता.

"सावकाश," दगडांची डागडुजी करणारी संयोगिता माणसांना सांगत होती. "मधे चीर आहे."

"जन्मताच आईला खाल्लंस," असं सावत्र आई पनीनाबाईंना म्हणायची आणि वडील गप्प बसायचे. आता ऐंशीच्या घरात पोचल्या, तरी ते बोलणं त्यांना खरंच वाटत होतं.

दगड वाळूच्या पोत्यांवर उताणा ठेवला. चीर वाढली नव्हती. संयोगिताने पाणी शिंपडत मऊ ब्रशने माती काढली. ऊनपाऊस न लागल्याने अक्षरं अगदी ठळक राहिली होती, वर हिब्रू आणि खाली मराठी. पनीनाबाईंना वाचायचा धीर होईना, म्हणून संयोगितानेच मोठ्याने वाचलं.

"रिबकाबाई वाक्रूळकर. देवीच्या साथीत वारली. मागे आठ महिन्यांची लेक."

"काय म्हणालीस? पुन्हा वाच बाई."

तिने पुन्हा वाचलं. पनीनाबाई तिथेच मातीत बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"आठ महिने! म्हणजे तिने मला पाजलंय गं. न्हाऊमाखू घातलंय. मला रांगताना बघितलंय तिने."