शंकासुराचा आकडा

“दहा हजार सात गुणिले दहा हजार नऊ,” दातांचा डॉक्टर म्हणाला. समोर ठेवलेल्या पेन्सिलीला त्याने हातही लावला नव्हता.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कॉलेजातली पोरं त्यांना शंकासूर म्हणायची ते काही उगाच नाही. दुकानातून आणलेली साखरसुद्धा हा गृहस्थ घरी परत तोलायचा. लेकीची दुखत होती एक दाढ, पण तिच्या दवाखान्याच्या चकरा काही संपेनात, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

लेकीला मागणी घालायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ते हाच आकडा ठेवत. दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट. हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार, ते सांगा. आकडा मोठा खट होता. दोनाने, तिनाने, साताने, अकराने, कशानेच भाग जात नव्हता. पहिला आलेला इंजिनिअर घामाघूम होऊन उठून गेला. दुसऱ्याने, बँकेतल्या साहेबाने, दीड तास डोकं खपवून उत्तर अचूक काढलं. प्राध्यापकांनी त्याची पाठ थोपटली आणि दारापर्यंत पोचवून नकार दिला.

“चुकला तरी नको, बरोबर आला तरी नको!” बायको कडाडली होती. “पोरीला जन्मभर घरात बसवणार आहात का?”

लेक मात्र गप्प. तिला काहीही विचारा, “बाबा म्हणतील तसं,” याच्या पुढे गाडी जायची नाही.

आणि आता हा.

“कसं काढलंत?”

“एक मिळवला की दहा हजार आठचा वर्ग होतो. म्हणून त्याच्या एक अलीकडची आणि एक पलीकडची.” डॉक्टरने घडाघडा म्हणून दाखवलं.

“छान. मग नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव?”

हे तर त्याहून सोपं. नऊ मिळवले की शंभराचा वर्ग. पण डॉक्टर छताकडे बघायला लागला.

“गणित न सोडवता हे उत्तर फक्त दोघांना माहीत आहे,” प्राध्यापक हळू आवाजात म्हणाले. “मला आणि माझ्या लेकीला. कुणालाही सांगायचं नाही, असं मी तिला बजावलं होतं.”

दारात लेक पांढरीफटक पडली. आईने तिचा दंड घट्ट धरला. डॉक्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं.

“तिनेच सांगितलं. गणितात मी ढ आहे. पण लग्न मला हिच्याशीच करायचंय. रागवायचं तर माझ्यावर रागवा.”

प्राध्यापक उठले. लेकीजवळ गेले. तिची मान खालीच होती.

“अगं, जावईबापूंना चहा टाक,” ते बायकोला म्हणाले. “आपल्या मनात कोण आहे, ते ही जन्मात तोंडाने बोलली नसती. म्हणून तर उत्तर हिच्याजवळ देऊन ठेवलं होतं. ही ते कुणाला सांगते, एवढंच मला बघायचं होतं.”